हवा

नवतप्यातला रविवार.
सदरच्या चर्चमध्ये सकाळी साडेआठलाच
बाकं तापलेली.
दोन कूलर, त्यातला एक नुसता गुरगुरणारा,
आणि बायकांच्या हातात पंखा म्हणून
कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका.

मी आईला फक्त सोडायला आलो होतो.
ती म्हणाली, बस ना थोडा वेळ,
आज तीमथी मास्तर बोलणार,
परत ऐकायला मिळतील न मिळतील.

दोघांनी धरून त्यांना वर चढवलं.
पायऱ्या तीनच.
एवढ्या उन्हात अंगात काळा कोट,
खांद्यांवरून उतरलेला,
आतला माणूस थोडा थोडा करून
कोटातून निघून गेल्यासारखा.
माईक तोंडापाशी आणला
तर त्यानं आधी त्यांचा श्वासच सगळ्यांना ऐकवला.

खिशातून कागद काढला, घड्या उलगडल्या,
आणि कूलरनं तो उडवला.
संडे स्कूलचा एक पोरगा धावला.
"राहू दे बापा," मास्तर म्हणाले,
"त्यात तेच आहे
जे मी साठ वर्षं सांगून राहिलो."

कुणी हसलं. तेही हसले.
मग बराच वेळ काहीच नाही.
पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं.
विसरले वाटतं, आई पुटपुटली.

विसरले नव्हते.

"कळमेश्वरचा सोमकुवर तुम्हाला पाठ आहे.
दर ईस्टरला सांगतो मी.
निरोप आला, शेवटचं आहे, मास्तरला बोलवा.
निघालो. वाटेत सायकल पंक्चर झाली,
हाती धरून चालत गेलो.
पोचलो तेव्हा घरात रडणं सुरू होतं.
आणि तुम्ही म्हणता, मास्तर, काय तुमची निष्ठा."

पेला उचलला. पाणी अर्धं कोटावर.

"पंक्चर झाली नव्हती."

पत्रिका थांबल्या, हवेतल्या हवेत,
वधूवरांच्या नावांसकट.

"ऊन होतं. असंच.
फेटरीपाशी आंब्याखाली टेकलो,
म्हटलं, पाच मिनिटं.
उठलो तर सावली दुसऱ्या अंगाला गेलेली.
तिथून पायडल मारत सुटलो.
गाव दिसलं, रडणं ऐकू आलं,
तेव्हा उतरलो
आणि मागच्या चाकाची हवा सोडली.
मी. या हातानं.
कानाचं मशीन काढून ठेवलं
तरी तो आवाज मला येतो.

त्याची बायको दारात होती.
चाकाकडे पाहून म्हणाली,
आमच्यापायी किती त्रास झाला तुम्हाला.
आणि त्या घरात, त्या वेळी,
तिनं मला गूळपाणी आणून दिलं.

मी प्यालो."

आमेन म्हणाले नाहीत.
उतरले, या वेळी कुणी धरायला धजावलं नाही,
आणि समोरच्या बाकावर
पोराटोरांत जाऊन बसले.
पेटीवाल्याला सूर सापडेना.
गाणं खालून सुरू झालं,
बायकांनी ते दुसऱ्या ओळीत वर ओढलं.
दानाची थैली आली.
माझा हात खिशातच राहिला
आणि थैली पुढे गेली.

बाहेर त्यांचा नातू ॲक्टिव्हा घेऊन उभा.
मास्तरांचा पाय फूटरेस्ट शोधत होता, हवेतच.
मी वाकलो, बूट धरून वर ठेवला.
कातडं गरम होतं, लेस भलत्याच भोकांत ओवलेली.

"कोणाचा तू?"
"रूथबाईंचा."
"पुण्याचा ना? सुट्टी मिळाली म्हणजे."
"या खेपेस मिळाली. नाताळात नव्हती मिळाली," मी म्हणालो.
आई मागेच होती, चपलेत पाय घालत.
गाडी सुरू झाली, धूर,
मास्तर नातवाच्या पाठीला गाल टेकून
लिबर्टीकडच्या रस्त्याला लागले.

"मागितलीच नव्हती मी," मी म्हणालो,
कुणाला ते नीट ठरवलं नव्हतं.

आईनं पदर डोक्यावर घेतला, उन्हासाठी.
चार पावलं गेली.
मग मागं न पाहता म्हणाली,
चल. वड्याची डाळ भिजत घातली आहे रात्रीची,
आंबून जाईल.